सदतीस पूर्णांक चार

रविवारी संध्याकाळी रेडिओवर आठवड्याचा विभागीय हवामान अंदाज लागला, तेव्हा मी आमच्याच मोरीखाली उताणा पडून पाइप बदलत होतो. बेचाळीस वर्षं मी लोकांचे नळ दुरुस्त केले आणि आमची मोरी तीन वर्षं गळत होती. त्यावरून बायकोनं मला ऐकवायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आता ऐकवणारं कुणी नाही म्हटल्यावर मी ती दुरुस्तीला घेतली.

"वसंत सरत आला असला तरी येता आठवडा ओलाच जाईल," रेडिओवरची बाई म्हणाली. "विभागात बहुतेक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस. दक्षिण भागात तुरळक ठिकाणी जोरदार सरी. शनिवारनंतर उघडीप."

"तुरळक म्हणजे शेजारणीच्या दोरीवर," बायको म्हणायची. "बहुतेक ठिकाणी म्हणजे आपल्या."

मी बाहेर आलो नाही. पाना छातीवर ठेवून तसाच पडून राहिलो. ज्या आठवड्याची मला चार महिने धास्ती होती, तो आला होता.

आमच्या मागच्या अंगणात हवामान कार्यालयाचा पर्जन्यमापक आहे. गुडघ्याएवढं पत्र्याचं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. सकाळी बरोबर साडेआठला बाटलीतलं पाणी मिलिमीटरच्या खुणांच्या काचेच्या मोजपात्रात ओतायचं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं, आकडा वहीत लिहायचा आणि फोन करून कार्यालयात सांगायचा. बायकोनं हे बावीस वर्षं केलं. ती घरी शिवणकाम करायची. बाही अर्ध्या बोटानं इकडची तिकडे झालेली तिला खपत नसे, त्यामुळे हे काम तिच्या हाताला बसलं. विभागात असे साठ-सत्तर मापक आहेत. सगळ्यांचे आकडे एका नकाशावर भरतात, आणि त्यावर संध्याकाळचा अंदाज उभा राहतो. ती मात्र त्याला कधी मापक म्हणाली नाही. भांडं म्हणायची.

फोनवर आकडा घेणाऱ्याला तिनं 'दशांश' असं नाव ठेवलं होतं. ही म्हणायची, "नऊ," की तो म्हणायचा, "नऊ पूर्णांक किती, बाई?" बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही.

हिवाळ्यात ती गेली. तिसऱ्या सकाळी साडेआठला माझे पाय आपोआप अंगणात गेले. बाटली कोरडी होती. मी फोन लावला आणि म्हणालो, "शून्य." दशांश म्हणाला, "शून्य पूर्णांक शून्य लिहितो, काका."

तेव्हापासून रोज मीच. पुढचा सगळा काळ कोरडा गेला. धुकं पडलं, दंव पडलं, पण मोजण्यासारखं काही पडलं नाही. एकदा दशांशच्या वरच्या मॅडम फोनवर आल्या.

"शून्य कुणीही सांगेल, काका," त्या म्हणाल्या. "पावसाचा पहिला आठवडा मी बघणार. जमलं तर केंद्र तुमच्या नावावर करते. नाही जमलं तर शनिवारी गाडी पाठवून भांडं शाळेच्या आवारात हलवते. राग मानू नका."

मी राग मानला नाही. पण जीव टांगणीला लागला. आम्हाला मूलबाळ नाही. नळाची कामं मी आज केली काय, उद्या केली काय. फार तर एखादी बाई फोनवर ओरडते. साडेआठला मात्र कुणीतरी माझी वाट बघत होतं. ते भांडं गेलं असतं तर अंथरुणातून उठायचं कशाला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती मी मॅडमना सांगितली नव्हती. बायको आणि मी रोज पैज लावायचो. सकाळी जाग आली की उठायच्या आधी दोघांनी आकडा सांगायचा, रात्रीत किती पडला असेल त्याचा. जो हरेल त्यानं चहा करायचा. बावीस वर्षं पावसाळी दिवसांचा चहा मीच केला. ती पाऊस ऐकायची. मी कुठून ऐकणार? पाइपांवर हातोडा मारून माझा डावा कान कधीच गेला, आणि मी उजव्या कुशीवर झोपतो. चांगला कान उशीत. ढगफुटी झाली तरी मला कळत नाही.

सोमवारी पहाटे मला जाग आली, किंवा आली नाही, नक्की सांगता येत नाही. खोलीत उजेड आला होता, पण पाण्यातून आल्यासारखा, हिरवट. बायको तिच्या जागेवर उताणी पडली होती, हात पोटावर, नजर छताकडे, नेहमीसारखी. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "नऊ."

मी उठलो तेव्हा तिची बाजू सपाट होती. छत्री न घेताच अंगणात गेलो. शेजारच्या झाडाची फुलं सगळ्या फरशीवर चिकटली होती. साडेआठला बाटली ओतली, गुडघे टेकले, पात्र डोळ्यांसमोर धरलं. नऊ पूर्णांक दोन.

मी तिथंच बसून राहिलो. पावसात, साठ वर्षांचा माणूस, हातात काचेचं पात्र घेऊन हसतोय. पलीकडच्या खिडकीतल्या बाईनं पडदा लावून घेतला.

फोन लावला. दशांश म्हणाला, "वा काका, पहिल्याच दिवशी दशांशासकट! बाईंनी शिकवून ठेवलेलं दिसतंय."

"हो," मी म्हणालो.

मंगळवारी ती म्हणाली, "चौदा." पात्रात तेरा पूर्णांक आठ होतं. चहा मीच केला. दोन कप केला, दुसरा थंड झाल्यावर झाडाला ओतला.

ते दोन दिवस कसे गेले हे मला नीट आठवत नाही. कामं बरीच होती, पाऊस लागला की नळवाल्याला उसंत नसते. एका दुकानाचं छत टपकत होतं, एका घराच्या गच्चीवरच्या पाइपात पक्ष्यानं घरटं केलं होतं. मी सगळीकडे गेलो, सगळं केलं, पण मी आपला अर्धवट झोपेतच होतो. रस्ते ओले, माणसं छत्र्यांखाली, कुणाचा चेहरा दिसत नव्हता. छत्री खाली करून त्यातली एखादी मला "अहो" म्हणेल असं वाटायचं, आणि तसं वाटण्यात काही वावगं आहे असंही वाटत नव्हतं. मला फक्त सकाळ व्हायला हवी होती.

बुधवारी मी लवकर जागा झालो आणि मुद्दाम डोळे मिटून घेतले. ती आली. त्या दिवशी ती निवांत होती. केसांत पिना खोचत होती, एक पिन ओठांत धरलेली. मी काही विचारलं नाही. विचारलं की जाईल असं वाटलं. पावसाचा उजेड भिंतीवर हलत होता, ती पिना खोचत होती, आणि मी किती वेळ तसा पडलो होतो देव जाणे. शेवटी तिनं ओठांतली पिन काढली.

"अहो, सदतीस," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. फोन पलंगाजवळच आहे. मी हात लांब करून उचलला.

"काका? नऊला दहा मिनिटं आहेत. आज आकडा नाही आला. सगळं ठीक ना?" दशांश होता.

"सदतीस," मी म्हणालो.

"सदतीस! अरे बापरे. सदतीस पूर्णांक किती?"

"चार," मी म्हणालो.

त्यानं लिहून घेतलं आणि फोन ठेवला. मी छताकडे बघत पडून राहिलो आणि मग एकदम लक्षात आलं. सदतीस तिचा होता. चार माझा होता. ती कधी दशांश सांगत नसे.

अनवाणी धावत अंगणात गेलो. बाटली ओतली. अकरा मिलिमीटरला थोडं कमी. तेही नऊ वाजेपर्यंतचं, म्हणजे साडेआठला दहा असेल, साडेदहा असेल. नक्की काय होतं ते आता कुणालाच कळणार नव्हतं. मी आत येऊन फोनचा रिसीव्हर हातात घेतला. हातातच धरून उभा राहिलो. सांगितलं की शनिवारी गाडी येणार. उद्या सांगू, असं म्हणून मी तो खाली ठेवला. वहीत काही लिहिलं नाही. पिशवी उचलली आणि कामावर गेलो.

दिवसभर हात चालत होते, डोकं नव्हतं. एका गृहिणीनं मला विचारलं, "काका, हा पाना उलटा नाही का धरलात?" उलटाच धरला होता.

साडेसहाला घरी येऊन रेडिओ लावला.

"दक्षिण भागातील एका केंद्रावर आज सदतीस मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली आहे," ती बाई म्हणाली, तिच्या नेहमीच्या गुळगुळीत आवाजात. "आठवड्याच्या अंदाजात बदल करण्यात येत आहे. दक्षिण भागात शुक्रवारपर्यंत जोरदार पावसाची शक्यता. कालव्याची पातळी वाढू शकते. सखल भागातील रहिवाशांनी तळमजल्यावरील सामान हलवावं."

तोंडात मारल्यासारखा मी खुर्चीत बसलो. फोन वाजला.

"भाऊजी, ऐकलंत ना?" बायकोची बहीण होती. तिला मी धाकटी म्हणतो, आता अठ्ठावन्नची आहे तरी. "तुमच्याच भांड्याचा आकडा असणार. सदतीस! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत? ताई असती तर सकाळीच फोन आला असता. या लवकर, माझ्या एकटीच्यानं होणार नाही हे सगळं."

धाकटी कालव्याच्या बाजूच्या गल्लीत राहते. वर घर, खाली एका मोठ्या खोलीत वह्या-पुस्तकं बांधायचं काम. मी पोहोचलो तेव्हा गल्लीत सगळ्यांची दारं उघडी होती. कोपऱ्यावरचे म्हातारे संगीत-शिक्षक पेटीएवढ्या खोक्यातून कागद जिन्यावर चढवत होते, दोन पायऱ्या चढले की थांबत होते. पुढच्या घरात दोघंजण गादी दारात अडकवून एकमेकांवर ओरडत होते. पाऊस चालू होता, पण कसा, तर झारीनं कुणी रोपांना घालावा तसा. मी मान खाली घालून चालत गेलो.

धाकटीनं ओचा खोचला होता आणि कपाळावर वह्या चिकटवायच्या खळीचा डाग होता.

"आधी कागदाचे गठ्ठे," ती म्हणाली. "गुडघ्याचं मला सांगू नका, तुमचं माझं सारखंच आहे."

आम्ही गठ्ठे उचलायला लागलो. जिना अरुंद. मी वर जाताना ती भिंतीला चिकटायची, ती वर जाताना मी. दहा-बारा फेऱ्या झाल्या. दोघांनाही दम लागला.

"खरंच सदतीस हो?" ती मध्येच म्हणाली. "मला तर सकाळी खिडकीतून काही एवढा वाटला नाही."

मी गठ्ठा वर नेला.

मी खाली आलो तेव्हा ती शिकंज्यापाशी उभी होती. शिकंजा म्हणजे दोन जाड फळ्या आणि त्यांना पिळायचे लोखंडी स्क्रू. बांधलेल्या वह्या खळ वाळेपर्यंत त्यात दाबून ठेवतात. त्यात दवाखान्याच्या नोंदवह्या होत्या, दुपारीच लावलेल्या.

"दोनशे आहेत," ती म्हणाली. "शुक्रवारी द्यायच्यात. आत्ता काढल्या तर पुठ्ठे वाकणार. नाही काढल्या तर बुडणार. वाकलेल्या बऱ्या." आणि तिनं स्क्रूला हात घातला. तिला तो निघेना. "अहो भाऊजी, बघता काय? पाना चालवणारे तुम्ही ना?"

मी पुढे गेलो. स्क्रूवर हात ठेवला. पहिला पीळ सुटला. फळी जराशी उचलली गेली आणि वरच्या वहीचा पुठ्ठा माझ्या डोळ्यांदेखत हळूच वर आला, झोपेतून कूस बदलावी तसा.

"थांब," मी म्हणालो. तिला नाही, स्वतःलाच बहुतेक. "सदतीस नव्हता."

"काय नव्हता?"

"पाऊस. दहा-अकरा होता. मी वेळेवर बघितलाच नाही. पडून होतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग सदतीस कुणी सांगितला?"

"तुझ्या ताईनं."

ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली. बाहेर संगीत-शिक्षकांचा खोकला ऐकू येत होता. मला वाटलं ही आता रडेल, नाही तर मला हाकलून देईल. बराच वेळ ती हातावरची वाळलेली खळ नखानं काढत राहिली.

"चार महिने झाले," ती म्हणाली. "रोज रात्री तिचा फोटो बघून झोपते मी. सख्खी बहीण. एकदा स्वप्नात येऊन 'कशी आहेस' म्हणाली नाही. आणि तुम्हाला आकडे सांगते? दशांशासकट?"

"दशांश माझा होता," मी म्हणालो.

तिला हसू आलं. येऊ नये म्हणून तिनं खूप प्रयत्न केला, पण आलं. हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ती हसते आहे की रडते आहे ते तिलाही कळलं नसेल. मी उभाच होतो, हातात पाना नव्हता म्हणून हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

"लावा फोन," ती डोळे पुसत म्हणाली.

"धाकटे, ते भांडं नेतील."

"नेऊ देत."

"सकाळी मला दुसरं काही नाही गं."

"ते मला कळतं," ती म्हणाली, आणि आवाज खाली आणला. "पण बाहेर बघा. ते गुरुजी ऐंशीचे आहेत. ताईच्या आकड्यावर विश्वास ठेवून जिना चढतायत. तुमच्या नाही, ताईच्या. लावा."

मी लावला. संध्याकाळी दुसरा कुणी असेल अशी आशा होती, पण दशांशच होता. मी सगळं सांगितलं, फक्त कोण म्हणालं ते सांगितलं नाही. झोपेत होतो, अंदाजानं बोललो, असं म्हणालो. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"काका," तो शेवटी म्हणाला, "आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांवर नऊ, दहा, बारा होतं. दुसऱ्या कुणाचा आकडा असता तर आम्ही उलटा फोन करून खात्री केली असती. तुमचा होता म्हणून मॅडमनी विचारलं सुद्धा नाही. म्हणाल्या, ते केंद्र चुकत नाही."

बावीस वर्षांत तिनं जमवलेली पत मी पलंगावरून न उठता खर्च केली होती.

"मॅडमना सांगतो," तो म्हणाला. "उद्या साडेआठला फोन करा. आणि काका..."

"बोल."

"उद्या उठून करा."

आठ वाजता रेडिओवर दुरुस्ती आली. नोंद चुकीची होती, कालव्याला धोका नाही, पूर्वीचाच अंदाज कायम. गल्लीत कुणीतरी हवामान कार्यालयाला आणि त्यांच्या सात पिढ्यांना उद्देशून जे बोललं ते मी खिडकीत उभं राहून ऐकलं. मग बाहेर गेलो आणि गुरुजींचे कागद खाली आणून दिले. त्यांनी मला चांगला माणूस म्हटलं. तेवढं मात्र मला ऐकवेना. धाकटीनं शिकंजा पुन्हा पिळला होता. वरच्या चार वह्या वाया गेल्या. त्या तिनं माझ्या हातात दिल्या.

"ठेवा," ती म्हणाली. "नळांची गिऱ्हाइकं लिहायला."

गुरुवारी आणि शुक्रवारी मी डोळे मिटलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. पहाटेपासून पलंगाच्या कडेवर बसून राहायचो. साडेआठला मोजायचो. सात पूर्णांक सहा. सोळा पूर्णांक शून्य. दशांश लिहून घ्यायचा, जास्त बोलायचा नाही. खोली नुसती खोली होती, उजेड नुसता उजेड.

शनिवारी पहाटेही तसाच बसून राहिलो, आणि नऊच्या सुमाराला गाडी आली. बारीक पाऊस होता. गाडीतून मॅडम स्वतः उतरल्या, आणि त्यांच्या मागून एक ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस, हातात पत्र्याचं झाकण आणि पोतं घेऊन. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. तो बोलला तेव्हा कळलं, दशांश. मी त्याला बावीस वर्षं उंच समजत होतो.

"आजचा किती?" मॅडमनी विचारलं.

"चार पूर्णांक एक."

"वही बघू."

मी बायकोची वही आणून दिली. त्या अंगणात वळचणीखाली उभ्या राहून पानं उलटत होत्या. बुधवारची ओळ रिकामी होती. तिथं बोट ठेवून त्या थांबल्या.

"इथं काही लिहिलं नाहीत."

"काय लिहिणार? खरं माहीत नाही, आणि खोटं तिच्या वहीत लिहिता येईना."

मॅडम मागे मागे जात राहिल्या. "बावीस वर्षांत बाईंचे सात दिवस रिकामे आहेत," त्या म्हणाल्या. "मी काल कार्यालयातली नक्कल काढून मोजले."

ते सातही मला ठाऊक होते. माझं मूतखड्याचं ऑपरेशन, दोन दिवस. तिची आई गेली तेव्हा तीन. एकदा भांड्यावर फुटबॉल येऊन आदळला आणि बाटली फुटली. आणि एक दिवस असा, की बाहेर धो धो पाऊस होता, साडेआठ वाजले, आणि ती म्हणाली, "आज नाही जात मी," आणि पांघरूण डोक्यावर ओढून माझ्याकडे सरकली. तो सातवा मी मॅडमना सांगितला नाही. पहिले सहा सांगितले.

"आणि सातवा?" दशांशनं विचारलं. याला सगळं शेवटच्या अंकापर्यंत हवं असतं.

"आठवत नाही," मी म्हणालो.

मॅडमनी वही मिटली. "काका, रिकामी जागा चालते. नकाशावर आम्ही ती सोडून देतो. भरलेली खोटी जागा मात्र कुणाच्या तरी जिन्यावर जाऊन पोहोचते." त्यांनी वही माझ्या हातात परत दिली. "तुम्ही फोन केला नसतात तर आम्हाला दोन-तीन दिवसांनी कळलंच असतं. पण तुम्ही केलात, त्याच संध्याकाळी. भांडं आणखी एक महिना इथं राहील. मी रोज शेजारच्या केंद्रांशी ताडून बघणार."

दशांशनं पोतं खाली ठेवलं.

"एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "अंदाज बांधणं आमचं काम. तुमचं काम मोजणं. भांड्यापाशी जायच्या आधी आकडा ठरवायचा नाही. तोंडानं नाही, मनातही नाही. एकदा मनात आकडा बसला की डोळे तोच वाचतात. चांगल्या चांगल्यांचं असं होतं."

"बरं," मी म्हणालो. बावीस वर्षं जिच्या आकड्यांची त्या कौतुकं करत होत्या, ती हा नियम रोज पलंगावर मोडत होती. पण ती मोडून पुन्हा कोऱ्या नजरेनं मोजू शकायची. मी तिच्याएवढा नाही.

जाताना दशांश फाटकात थांबला. "काका," तो म्हणाला, "बाई फोनवर कधी कधी म्हणायच्या, आज हे पैज हरले. मला कधी कळलं नाही कसली पैज."

"चहाची," मी सांगितलं.

रविवारी पहाटे ती आली. उघडीप पडेल असं रेडिओ म्हणाला होता. पडली होती की नाही मला माहीत नव्हतं, चांगला कान उशीत होता. खोलीत तोच हिरवट उजेड, तोच पाण्यातला. ती तिच्या जागेवर उताणी होती. हात पोटावर. तीन दिवस मी तिला येऊ दिलं नव्हतं, त्याचा तिनं राग धरलेला दिसला नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या कानामागची एक बट सुटली होती. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर मी ती बोटानं मागे सारली असती.

"अहो," ती म्हणाली.

मी उठलो. पाय जमिनीवर टेकवले. फरशी गार होती. पाठीमागे ती पुढचं बोलली की नाही ते मला माहीत नाही. मी मागे वळून बघितलं नाही. चष्मा घातला, मोजपात्र घेतलं, मागचं दार उघडलं. साडेआठला अजून पाऊण तास होता. मी भांड्यापाशी स्टूल टाकून बसलो आणि आकाशाकडे बघायचंही टाळलं. मनात काहीच येऊ द्यायचं नव्हतं. नऊ येत होता, चौदा येत होता, सदतीस तर सारखा दार वाजवत होता. एकेकाला मी परत पाठवत होतो.